केशव दळवी 'बिचारा' कसा?

श्याम बेनेगलांच्या 'भूमिका' सिनेमावर गप्पा रंगल्या की थोड्याच वेळात अमरीश पुरींचा विनायक काळे चर्चेत येतोच. तो वाडा, ती बंधनं, जत्रेला जायलाही मनाई. खलनायक ठरला, विषय संपला! परवा तर आमच्या सिनेमावेड्या मंडळींतल्या एकानं सिनेनटी उषाच्या नवऱ्याला, म्हणजे केशवला, चक्क 'बिचारा' म्हटलं. म्हणून हा प्रपंच.

काळेचं सगळं उघड आहे हो. त्याच्या घरचे नियम आधीपासून ठरलेले. आणि नवऱ्याला सोडून आलेली उषा तिथे सुरुवातीला रमतेच की! अंथरुणाला खिळलेली त्याची बायको, तो लहान मुलगा... या घरात उषाला कमवावं लागत नाही, हे केवढं मोठं सुख! मुलाला घेऊन जत्रेला निघते, तेव्हा कुठे तिला उंबरठा दिसतो.

केशवचं तसं नाही. तिच्या लहानपणापासून तो त्यांच्या घरात वावरतो, मदत करतो आणि त्या मदतीची वसुली म्हणून तिच्याशी लग्न करतो. लग्नानंतर तिला संसार करायचाय. हा तिला कॅमेऱ्यासमोर धाडतो. सहनट राजनबरोबरची कामं हाच आणणार आणि राजनवरून संशयही हाच घेणार. तिचा पैसा हवा, तिचं नाव झालेलं मात्र सोसत नाही. कहर म्हणजे काळेच्या वाड्यातून तिला सोडवायला पोलीस घेऊन येतो तोही हाच. सुटली, पण कुणाच्या हातून?

आणि या भूमिकेत कोण, तर अमोल पालेकर! 'रजनीगंधा', 'चितचोर'मधला तो साधा, लाजरा, कुणालाही जावई म्हणून चालेल असा चेहरा. बेनेगलांनी तोच चेहरा इथे वापरला. १९७७ साली प्रेक्षकांना किती अवघडल्यासारखं झालं असेल! मला तर आजही होतं. पालेकर कुठे आवाज चढवून दुष्टपणा 'दाखवत' नाहीत. कुरबुरतात, टोमणे मारतात, हिशेब मागतात. अशी माणसं आपण पाहिलेली असतात, त्यांच्या घरी चहाही प्यालेलो असतो.

उषा साकारणाऱ्या स्मिता पाटीलबद्दल काय लिहू? जेमतेम एकविशी-बाविशीत अभिनेत्री हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मचरित्रावर बेतलेली ही बाई तिनं उभी केली, राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. गोविंद निहलानींच्या कॅमेऱ्यानं जुना काळ कृष्णधवल ठेवलाय, त्यामुळे उषाच्या आठवणीही त्या काळच्या सिनेमासारख्याच दिसतात.

फक्त नसीरुद्दीनचा सुनील वर्मा मला अजून पचलेला नाही. उषासोबत जीव द्यायच्या गोष्टी करणारा तो दिग्दर्शक कागदावरून उठून थेट पडद्यावर आल्यासारखा वाटतो. त्याची वकिली कुणाला करायची असेल तर कमेंटमध्ये या, भांडू!