गोंगाटासकट ऐकावी अशी एक रेकॉर्ड

गेल्या आठवड्यात एका मित्राला मी ‘पॅडी इन द स्मोक’ ही आयरिश पारंपरिक संगीताची जुनी रेकॉर्ड ऐकायला पाठवली. दोन दिवसांनी त्याचे उत्तर आले : “वाजवतात सुंदर, पण मागचा गोंगाट कोणीतरी काढून टाकायला हवा होता.” त्याला उत्तर लिहायला बसलो, आणि ते इतके लांबत गेले की इथेच लिहावे असे ठरवले.

‘टॉपिक’ या लंडनच्या कंपनीने १९६८ मध्ये ही रेकॉर्ड काढली. उत्तर लंडनच्या हॉलोवे भागात, बेनवेल रोडवर ‘द फेव्हरिट’ नावाचा एक पब होता. तिथे रविवारी जमणाऱ्या आयरिश वादकांचे हे ध्वनिमुद्रण आहे. नावातला ‘पॅडी’ म्हणजे आयरिश माणसाला इंग्रजांनी ठेवलेले नाव, ज्यात थट्टा आणि तुच्छता दोन्ही मिसळलेल्या आहेत. ‘स्मोक’ हे कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या लंडनचे टोपणनाव. तेव्हा रेकॉर्डच्या नावातच तिचा पत्ता लिहिलेला आहे, आणि तो आयर्लंडचा नाही. माझा सगळा मुद्दा या पत्त्याभोवतीच फिरतो.

आयरिश पब म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र उभे राहते : दगडी भिंती, शेकोटी, कोपऱ्यात फिडल (म्हणजे व्हायोलिनच) आणि बासरी वाजवणारी माणसे, आणि हे सारे शतकानुशतके असेच चालत आले असावे असा एक समज. पर्यटन खात्याची जाहिरातपत्रके हेच चित्र विकतात, आणि पबमध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या कित्येक अल्बमची वेष्टनेही. वास्तविक हे संगीत मुळात पबचे नव्हते. ते घरातले होते. शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात टेबल-खुर्च्या भिंतीला लावून जागा केली जाई, एक फिडलवाला किंवा बासरीवाला बसे आणि बाकीचे नाचत. उन्हाळ्यात हाच नाच चार रस्ते मिळतात तिथे होई. १९३५ मध्ये आयर्लंडमध्ये सार्वजनिक नृत्यगृहांसंबंधी कायदा झाला आणि नाचाच्या कार्यक्रमाला परवाना लागू लागला. कॅथलिक धर्मगुरूंचा या कायद्यामागे जोर होता आणि त्यांनी व पोलिसांनी मिळून घरगुती नाचांवरही त्याचा बडगा उगारला. त्यानंतर आले स्थलांतर. एकट्या १९५० च्या दशकात चार लाखांहून अधिक माणसे देश सोडून गेली, आणि १९६१ च्या जनगणनेत त्या देशाची लोकसंख्या जेमतेम २८ लाखांवर आली होती. गेलेल्यांपैकी बहुसंख्य ब्रिटनमध्ये गेले. पुरुष बांधकामावर आणि स्त्रिया रुग्णालयांत, कारखान्यांत.

लंडनमध्ये या माणसांकडे भाड्याची खोली होती, बहुधा दुसऱ्या कोणाबरोबर वाटून घेतलेली, आणि तिथे फिडल काढले की घरमालकीण दार ठोठावणार हे नक्की. स्वयंपाकघर नव्हते म्हणून पब आला. पबमध्ये मांडी ठोकून बसायचे, नाचणाऱ्यांसाठी न वाजवता एकमेकांसाठी वाजवायचे, ही आज आपण ज्याला ‘सेशन’ म्हणतो ती पद्धत मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लंडनमध्ये रुळली आणि मग आयर्लंडला परत गेली, असे बऱ्याच अभ्यासकांचे मत आहे आणि मला ते पटते. आपण जिला प्राचीन परंपरा समजून डोळे मिटून ऐकतो, तिची बैठक चाकरमान्यांनी घातलेली आहे.

हा शब्द मी मुद्दाम वापरला. माझे आजोबा लालबागच्या ज्या खोलीत राहत तिथे बाराजण पाळीपाळीने झोपत, आणि त्यांच्या भजनी मंडळात तीन तालुक्यांची माणसे होती. एकाच अभंगाच्या तीन चाली निघायच्या, आणि कोणती धरायची यावरून मंडळ एकदा फुटलेही होते, असे आजोबा सांगत. ‘फेव्हरिट’मध्ये नेमके हेच होते. गावी राहिले असते तर ज्यांची आयुष्यात गाठ पडली नसती असे वादक इथे एका टेबलाभोवती बसत. बॉबी केसी क्लेअर परगण्याचा, मार्टिन बर्न्स गॉलवेचा, लुसी फारही गॉलवेची. तिने लंडनमध्ये परिचारिका म्हणून काम केले. प्रत्येकाच्या गावची गज फिरवण्याची रीत वेगळी, अलंकार घालण्याच्या जागा वेगळ्या, लयही वेगळी. या संगीतात सगळे एकच सुरावट वाजवतात, स्वरमेळ नसतो, त्यामुळे फरक झाकायला आडोसा मिळत नाही. कान देऊन ऐकल्यास एकाच सुरावटीच्या दोन-तीन बारीक वेगळ्या रेषा एकमेकींना घासत, मध्येच जुळत पुढे जाताना कळतात.

माझ्या मते रेकॉर्डमधला सर्वांत मोलाचा भाग ज्युलिया क्लिफर्डचा आहे. केरी आणि कॉर्क या परगण्यांच्या सीमेवरच्या श्लीव्ह लूख्रा या डोंगराळ, पाणथळ प्रदेशातली ती आणि तिचा भाऊ डेनिस मर्फी. दोघांचा गुरू पॅड्रिग ओ’कीफ हा शाळेची नोकरी गमावलेला मास्तर, जो पुढे पायी भटकत घरोघर फिडल शिकवत राहिला. त्याची लेखनपद्धती मोठी गमतीची होती : कागदावर रेघा ओढून त्यांमधल्या चार मोकळ्या पट्ट्या म्हणजे फिडलच्या चार तारा, आणि त्या पट्ट्यांत लिहिलेले आकडे म्हणजे बोटे. पाश्चात्त्य स्वरलिपी न येणारे शेतमजूरही तो कागद समोर ठेवून वाजवू शकत. त्या मुलखात पोल्का आणि स्लाइड हे दोन नाचाचे प्रकार विशेष चालत. हे बहीणभाऊ एकत्र वाजवतात तेव्हा पुष्कळदा एकजण वरच्या सप्तकात असतो आणि दुसरा त्याच सुरावटीत खालच्या सप्तकात. खालचे फिडल किंचित घोगरे, कुरकुरणारे, वरचे लख्ख. ज्युलिया परदेशी संसार करणारी. रविवारी पबमध्ये जाऊन ती लहानपणी शिकलेले वाजवते, एवढेच तिथे घडते आहे. त्या वाजवण्यात दाखवण्याचा आव कुठेही नाही.

आता मित्राच्या मुद्द्याकडे येतो. पाय आपटण्याचे, बोलण्याचे, ग्लासांचे आवाज या रेकॉर्डमध्ये आहेत, मधूनच कोणी वादकाला ओरडून उत्तेजन देते. आपण खासगी मैफलींची ध्वनिमुद्रणे वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. समेवर आलेली “क्या बात है”, कोणाच्या तरी खोकल्याची ढास, तंबोरा पुन्हा जुळवला जात असताना चाललेली कुजबूज यांसह ती आपल्याला प्रिय आहेत, आणि दाद कोणत्या जागेला आली यावरून समोर कोण बसले असेल याचा अंदाजही आपण बांधतो. मग आयरिश पबमधल्या आवाजांनीच काय घोडे मारले आहे? इथल्या आवाजातून खोली किती लहान होती, माणसे किती दाटीने बसली होती आणि त्यांतली कितीजण ऐकत होती व कितीजण आपल्याच गप्पांत होती, हे सारे कळते. सगळे ऐकत नव्हते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. घरात वाजते तेव्हाही सगळे ऐकत नाहीत.

या उलट, ‘पबमधले जिवंत’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक अल्बममधला जल्लोष मला संशयास्पद वाटतो. प्रत्येक कडव्याला बरोबर तालात टाळ्या, धृपदाला एकमुखी गजर, आणि शेवटी ठरल्याप्रमाणे शिट्ट्या. गाण्यांच्या बाबतीत हे थोडे समजण्यासारखे आहे, कारण धृपद सर्वांनी म्हणायचे अशी बॅलड, म्हणजे कथागीते, पबला मानवतात. मात्र त्याच देशातले ‘शॅन नोस’ हे साथीविना एकट्याने गायचे आयरिश भाषेतले गाणे शांतता मागते, आणि ते या गजरात टिकत नाही. ‘द डब्लिनर्स’ हा गट १९६२ मध्ये डब्लिनच्या ओ’डोनोहूज पबमध्ये जन्मला. पण त्यांचा गाजलेला जिवंत अल्बम १९६६ मध्ये ध्वनिमुद्रित झाला तो गेट थिएटरमध्ये. मला तो अतिशय आवडतो, फक्त तो रंगमंचावरचा कार्यक्रम आहे हे ओळखून मी ऐकतो. प्रेक्षक तिकीट काढून आलेले आहेत आणि सगळे एकाच दिशेला तोंड करून बसलेले आहेत. नावाजलेला बासरीवादक मॅट मॉलॉय याच्या वेस्टपोर्टमधल्या स्वतःच्या पबमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला झालेले ध्वनिमुद्रण या दोहोंच्या मधले आहे. मालकच वादक असल्यामुळे तिथे वादकांचा शब्द चालत असणार.

तेव्हा मित्राला एवढेच लिहिले की संगणकावर तो गोंगाट पुसता येईल कदाचित, पण मग उरेल ते नुसते फिडलचे वाजणे. ते कुठे आणि कोणासाठी वाजत होते ते जाईल. त्या काळी लंडनचे पब रविवारी दुपारच्या सत्रात बारा ते दोन एवढेच उघडे असत. चर्चमधली प्रार्थना उरकून, फिडलची पेटी काखोटीला मारून यायचे, दोन तास वाजवायचे आणि घरी जेवायला जायचे. सोमवारी पुन्हा काम. सुरावटी एकामागोमाग एक जोडून वाजवण्याची जी घाई या रेकॉर्डमध्ये अधूनमधून जाणवते, ती मला तरी घड्याळाची वाटते.

ज्युलियाचे वादन त्याला वेगळे काढून पुन्हा पाठवले आहे. रविवारी ऐकतो म्हणाला. बारानंतर ऐक, असे कळवले आहे.