युरो पाठवतो, पण हॉलसाठी नाही

वसईतल्या आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे पॅरिशच्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेले तीन आठवडे जुंपली आहे. चर्चच्या ज्युबिलीसाठी वर्गणी जमतेय. तिच्यातून एसी हॉल बांधायचा, की चर्चमागचं बुजत आलेलं बावखल उपसायचं, हा वाद. बावखल म्हणजे वाडीत खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, मुरतं, आणि समुद्र इतका जवळ असूनही विहिरी खारावत नाहीत. आमच्या आळीत अशी तीन होती. दोन भरणी टाकून बुजवली, त्यांच्यावर बंगले उभे आहेत. त्यातला एक माझ्या चुलत्यांचा, हे आधीच सांगून टाकतो.

एका काकांनी लिहिलं, "चर्चचं काम आत्म्याचं तारण. डबकी उपसायला महानगरपालिका आहे." पोरांनी उत्तरादाखल सृष्टीच्या रक्षणावरचं पोप फ्रान्सिस यांचं 2015 चं परिपत्रक टाकलं. मग चर्चचं मिशन म्हणजे नेमकं काय, इथवर गाडी गेली. मधूनच खजिनदारांचा मेसेज येतो, "परदेशातल्या बांधवांनी मन मोठं करावं." ते बांधव म्हणजे मी. जर्मनीत कोलोनजवळच्या एका गावात माझं हे बारावं वर्ष.

वाद नवा नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी बिल्डरांच्या विरोधात उभे राहिले, तेव्हा आमच्या घरातच दोन तट होते. बाबा मोर्चाला जायचे. आजी म्हणायची, फादरनं मिस्सा करावी, जमिनीच्या भानगडीत कशाला पडावं? पुढे 2020 मध्ये तेच फादर उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा आजी असती तर पेढे वाटत फिरली असती. त्याही आधी, 1918 साली मोन्सेनियर पी. जे. मोनिस या धर्मगुरूंनी पतपेढी काढली, तीच आजची बसीन कॅथॉलिक बँक. कर्जाचा आणि आत्म्याचा काय संबंध, असं तेव्हाही कुणी ना कुणी विचारलंच असेल.

आता इथलं सांगतो. जर्मनीत आल्यावर नगरपालिकेत नाव नोंदवायला गेलो. फॉर्मवर धर्माचा रकाना होता. मी ऐटीत रोमन कॅथॉलिक लिहिलं. पहिल्या पगाराच्या चिठ्ठीत कळलं की ऐट फुकट नसते. इथे चर्च कर कापला जातो, आमच्या राज्यात आयकराच्या 9 टक्के. नको असेल तर कोर्टात जायचं, 30 युरो भरायचे आणि सही करून चर्च सोडायचं. एकट्या 2022 मध्ये 5 लाखांहून जास्त कॅथॉलिकांनी अशी सही केली. रविवारच्या मिस्सेला आम्ही मोजून चाळीस डोकी, त्यातली निम्मी पोलंड, फिलिपिन्स आणि केरळची. फादरही केरळचेच. एके काळी जर्मन जेझुइट धर्मगुरू मुंबईत आले, सेंट झेवियर्स कॉलेज काढलं. आता गाडी उलट दिशेनं धावते.

पण रिकामी बाकं दाखवून इथल्या चर्चला नावं ठेवणं सोपं आहे, आणि आपल्याकडून येणारे पाहुणे ते हमखास करतात. या चर्चची कारितास नावाची सेवासंस्था आहे, तिच्यात 7 लाखांच्या आसपास माणसं पगारावर काम करतात. इस्पितळं, वृद्धाश्रम, घरी येणाऱ्या नर्स. माझ्या खालच्या मजल्यावर एक आजीबाई राहायच्या. रोज सकाळी साडेसातला कारितासची नर्स यायची. मी एकदा किल्ली द्यायला गेलो तेव्हा पाहिलं, तिनं चादर अर्धी गुंडाळली, आजीबाईंना कुशीवर वळवलं, पाठ पुसली, मलम लावलं, पुन्हा वळवलं. एकदाही "आई गं" ऐकू आलं नाही.

मला माझी आई आठवली. मांडीचं हाड मोडून ती चार महिने खाटेवर होती. घर माणसांनी भरलेलं. संध्याकाळी अकरा बायका खाटेभोवती बसून रोझरी म्हणायच्या, कुणी पेज आणायचं, कुणी सुकेळी. आणि आईच्या कमरेखाली तळहाताएवढी जखम झाली होती. माणसाला कुशीवर कसं वळवायचं हे त्या अकरांपैकी एकीलाही येत नव्हतं, मलाही येत नव्हतं.

उलटही पाहिलं. खालच्या आजीबाई वारल्या तेव्हा दफनाला आम्ही पाच जण होतो, त्यातली एक ती नर्स, तीही सुट्टी टाकून आलेली. आमच्या गावात मरणाची घंटा वाजली की माणसं हातातलं काम टाकून निघतात.

म्हणून ग्रुपवर "चर्च म्हणजे प्रार्थना" आणि "चर्च म्हणजे समाजकार्य" असे दोन पक्ष पडले, तेव्हा मला दोन्ही अर्धे वाटले. इथल्या लोकांनी कर भरला, सेवा पगारी हातांवर सोपवली आणि स्वतः घरी बसले. सेवा उत्तम चालते, मंडळी मात्र विरली. आपल्याकडे मंडळी आहे, हातांना शिक्षण नाही. एसी हॉल यातलं काहीच देत नाही. तो कंत्राटदार बांधणार, आम्ही परदेशातले पैसे धाडणार, आणि मग लग्नांना भाड्यानं जाणार. बावखलाचं तसं नाही. तिथे गुडघाभर गाळात स्वतः उतरावं लागतं, आणि पाणी लागलं की ते ख्रिस्ती विहिरीत किती आणि शेजारच्या हिंदू वाडवळांच्या विहिरीत किती, हे कुणाला ठरवता येत नाही. मला तरी मिशन हेच वाटतं. लांब बसून बोलणं सोपं आहे, हेही कबूल. माझ्या बुटाला गाळ लागणार नाही.

तरी परवा खजिनदारांना लिहिलं. माझे पाचशे युरो घ्या. अर्धे बावखलाला, अर्ध्यांतून गावातल्या दोघी-तिघींना घरच्या रुग्णाची शुश्रूषा शिकवा, मग त्यांनी पहिला वर्ग रोझरीच्या अकरा जणींचा घ्यावा. आणि चुलत्यांच्या बंगल्याखाली बावखल होतं, हे ज्युबिलीच्या स्मरणिकेत छापा.

उत्तर आलं, "थँक्यू. पहिले दोन मुद्दे पाळक मंडळापुढे ठेवतो. तिसऱ्याचं तुझ्या काकांशी तूच बोल."