ज्या शहरात वाढली, तिथे परीक्षा नाही

सकाळपासून एकच व्हिडिओ फिरतोय आणि ज्याला त्याला मलाच टॅग करायचंय. शांघायमधलं परीक्षा केंद्र, बाहेर पोलीस, रस्त्यावर एक हॉर्न नाही. खाली लिहिलंय, ‘याला म्हणतात देश. नाहीतर आपण, बारावीच्या पेपरच्या आदल्या रात्री डीजे.’ मी शांघायमध्येच राहते. इथे फेसबुक बंद असतं, व्हीपीएन लावून बसलेय आणि तेही सारखं तुटतंय, तरी आज लिहिणारच.

आधी जे खरं आहे ते सांगते. आज 7 जून 2025, गाओकाओचा, म्हणजे चीनमधल्या विद्यापीठ प्रवेश परीक्षेचा, पहिला दिवस. यंदा देशभरातून 1 कोटी 33 लाखांहून जास्त मुलांनी नाव नोंदवलंय. केंद्रांच्या आसपास खरंच हॉर्न वाजत नाही, बांधकामं थांबवतात, आयडी विसरलेल्या पोराला पोलीस मोटरसायकलवर बसवून पोचवतात. आया शुभ म्हणून लाल चिपाओ, म्हणजे इथला पारंपरिक अंगालगत झगा, घालून फाटकाशी उभ्या राहतात, बापांच्या हातात सूर्यफुलं. यंदा तर एआय कंपन्यांनी परीक्षेच्या वेळात फोटोतले प्रश्न सोडवून देणंसुद्धा बंद ठेवलंय. आमच्या सोसायटीतही शांतता राखा म्हणून नोटीस लागली होती. दरवर्षी हे बघून माझा गळा दाटून येतो. एका परीक्षेसाठी एवढं मोठं शहर पाऊल न वाजवता चालतं, ही साधी गोष्ट नाही.

पण आज साडेआठला आमची आयी कामाला आली. इथे घरकाम करणाऱ्या बायकांना सगळे आयीच म्हणतात. तिची मुलगी आज गाओकाओ देतेय. इथे नाही, अन्हुई प्रांतात, फुयांगजवळच्या त्यांच्या गावाकडच्या तालुक्याला. मी म्हटलं, अगं आज कशाला आलीस? म्हणाली, मी गेले तर तिला जास्त टेन्शन येईल, आणि तिची आजी आहे ना तिथे. मग फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि ओटा पुसायला लागली. पुसलेला ओटा परत पुसला. नऊ वाजले, चिनी भाषेचा पेपर सुरू झाला, तेव्हा एकदा घड्याळाकडे बघितलं आणि काही न बोलता बाथरूम धुवायला गेली.

ही मुलगी शांघायमध्ये वाढली आहे हो! इथल्या प्राथमिक शाळेत गेली. सुट्टीत आईबरोबर आमच्याकडे यायची, डायनिंग टेबलवर गृहपाठ करायची, माझ्याकडून इंग्रजी शिकायची. पोह्यातले शेंगदाणे आधी वेचून खायची. आठवीत गेली आणि एक दिवस आयीने सांगितलं, आता तिला गावी पाठवतेय. कारण हुकोऊ. म्हणजे सरकारदरबारी माणसाची जिथली नोंद असते ते गाव. 1958 पासून ही पद्धत आहे, आणि गाओकाओ द्यायची तर साधारणपणे जिथलं हुकोऊ तिथूनच. शांघायचा पेपर वेगळा, अन्हुईचा वेगळा, म्हणून शेवटच्या वर्षी जाऊनही भागत नाही, आधीच जावं लागतं. नाहीतर इथे राहून एखाद्या व्यावसायिक शाळेत जायचं आणि विद्यापीठाचं नाव सोडायचं.

तेरा-चौदा वर्षांच्या पोरीला आईपासून तोडून आजीकडे. ती गेली तेव्हा गावातल्या शाळेत तिला ‘शांघायवाली’ म्हणून चिडवायचे. आणि शांघायला ती कधी आपली वाटलीच नाही.

हे त्या व्हिडिओत दिसत नाही. कसं दिसेल? तो रस्ता ज्यांच्यासाठी शांत केलाय ती मुलं मुख्यतः इथल्या हुकोऊची. तो रस्ता झाडणाऱ्याचं, त्यावर जेवण पोचवणाऱ्याचं, आजूबाजूचे टॉवर बांधणाऱ्याचं पोर बहुतेक करून दुसऱ्याच कुठल्यातरी प्रांतात पेपर लिहितंय. शेती सोडून दुसऱ्या कामाला लागलेली गावाकडची माणसं या देशात जवळपास 30 कोटी आहेत. त्यांच्या कष्टांवर ही शहरं चकाचक झाली. आणि तुम्ही आठ दिवसांच्या टूरवर येऊन मॅग्लेव्ह ट्रेनमध्ये सेल्फी काढता आणि आम्हाला शिस्त शिकवता!

साडेअकराला पेपर सुटला. आजीचा वीचॅटवर व्हिडिओ कॉल आला. म्हातारीने फोन उलटा धरला होता, फाटकापाशी उन्हासाठी उघडलेल्या छत्र्याच छत्र्या दिसत होत्या. आयी ओरडतेय, वर धर, वर धर. शेवटी एका छत्रीखालून लेक दिसली. म्हणाली, ठीक गेला. बस, एवढंच. तीनला गणिताचा होता, आयी तिला जेवून घे म्हणाली आणि फोन ठेवला. ही म्हातारी नातीला सांभाळते, शेत बघते आणि तिला पेन्शन मिळते महिन्याला दोनशे युआनच्या आसपास. आपले अडीच हजार रुपये. शांघायमध्ये निवृत्त झालेल्या माझ्या शेजारीणबाईंना त्याच्या कितीतरी पट मिळते, आणि त्याही भल्या बाई आहेत, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

आता कमेंटमध्ये येईलच, ‘आपल्याकडे काय वेगळं आहे?’ माहीत आहे मला. मी वाळव्याकडची. दिवाळी झाली की बीडकडून ऊसतोडीला येणारी कुटुंबं, त्यांच्या कोप्या, फडावर भाऊ सांभाळत बसलेल्या आठ-दहा वर्षांच्या मुली हे सगळं बघत मोठी झालेय. साखरशाळांचं काय झालं तेही माहीत आहे. मेडिकलला डोमिसाइल लागतं, पेपर फुटतात, तेही मान्य. पण बिहारमधून आलेल्या रंगाऱ्याची मुलगी मुंबईत शाळेत असेल तर दहावीला मुंबईतूनच बसते. तू इथली नाहीस, परत जा, असं तिला बोर्ड सांगत नाही. एवढा फरक तर फरक.

आणि इथले लोक म्हणतात, गाओकाओ हीच गरिबाची एकमेव शिडी, तिथे वशिला चालत नाही. बरोबर आहे, आयीही तेच म्हणते. म्हणूनच तर अन्हुईतल्या माओथानछांगसारख्या गावात हजारो मुलं पहाटेपासून रात्रीपर्यंत घोकतात आणि आया खोली भाड्याने घेऊन त्यांना रांधून घालतात. पण विद्यापीठांच्या जागा प्रांताप्रांताला वाटलेल्या असतात. शांघायमधल्या नामांकित विद्यापीठात शांघायच्या मुलाला शिरायला जेवढी जागा, तेवढी अन्हुईच्या मुलाला नाही. 2021 मध्ये इथे शालेय विषयांच्या नफ्यावर चालणाऱ्या खासगी क्लासवर बंदी आली तेव्हा आपल्याकडे टाळ्या वाजल्या. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांचे मास्तर आता गुपचूप घरी येतात, एवढंच झालं.

आयीला या सगळ्याचा राग येत नाही, याचा मला राग येतो. खरं तर राग नाही, वाईट वाटतं. मी काही बोलायला लागले की ती म्हणते, सगळ्यांचंच असं आहे. बारा वाजता ती पुढच्या घरी गेली. लेकीला विद्यापीठ मिळालं तर ते शांघायमध्ये मिळावं अशी तिची इच्छा आहे. आपल्याच मुलीने आपल्याजवळ राहावं यासाठी तिला देशातल्या सगळ्यात अवघड परीक्षेत वरचे गुण हवेत.

आणि हे मी बाहेरची म्हणून बोलतेय असं नाही. 2012 साली इथल्याच एका पंधरा वर्षांच्या मुलीने ऑनलाइन उघड विचारलं होतं, मी शांघायमध्ये वाढले तर परीक्षा इथे का नाही? शांघायच्याच लोकांनी तिला ‘टोळ’ म्हणून हिणवलं. तिच्या वडिलांना पोलिसांनी धरून नेलं. पुढच्या वर्षी शहराने गुणांची पद्धत आणली. पदवी, वय, नोकरी, भरलेला सामाजिक विमा, सगळं मिळून 120 गुण झाले तरच तुमच्या मुलाला इथे गाओकाओ देता येते. रोख पैशांवर चार घरची कामं करणाऱ्या, शाळा अर्धवट सुटलेल्या बाईचे 120 गुण कसे व्हायचे? होऊच नयेत म्हणून ते तसं मांडलंय, हे माझं स्पष्ट मत आहे, आणि ज्याला भांडायचं असेल त्याने खाली भांडावं.