ब्रॅम स्टोकर जीवनगौरव लिंकवर ठरत नाही भो

जळगाव-धुळ्याच्या वाचनवाल्या ग्रुपांवर मेसेज फिरून राहिलाय की भयकथेचा ब्रॅम स्टोकर जीवनगौरव पुरस्कार ऑनलाइन मतांवर ठरतो, लिंक दाबा आणि आपले मराठी भयकथाकार नारायण धारपांना जिंकवा. असं नसतं भाऊ. हा पुरस्कार हॉरर रायटर्स असोसिएशन ही भयकथा लिहिणाऱ्यांची संघटना देते, आणि कादंबरी-कथेच्या पुरस्कारांना तिचे सभासद मतं देतात पण जीवनगौरवाचं नाव समिती ठरवते, एखादं गाजलेलं पुस्तक बघून नाही, तर आयुष्यभराचं लिखाण आणि त्याचा या प्रकारावर पडलेला प्रभाव बघून. १९८८ चा रे ब्रॅडबरींना, २००२ चा स्टीफन किंगना असाच मिळाला. धारपांचं काम त्या तोडीचं आहे असं मला मनापासून वाटतं, पण ते बाहेरच्या वाचकांना कळायला आधी त्यांची चांगली इंग्रजी भाषांतरं पाहिजेत. ती लिंक पुढे पाठवू नका.