अडलं की शेलप्लेट रिकामी करा : प्रोग्रेसिव्ह प्रेसवरील प्रतिक्रियेला उत्तर

घरी काडतुसं भरण्यासाठी प्रोग्रेसिव्ह प्रेस (एका ओढीत सगळ्या स्टेशनवर एकदम काम करणारं यंत्र) वापरण्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून आणि मुद्देसूद लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं असं : दर शंभर काडतुसांनी थांबून तपासायचं असेल तर प्रोग्रेसिव्ह घ्यायचाच कशाला, शेलप्लेट (काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या धरणारी गोल चकती) आपोआप फिरणारा प्रेस आणि पावडर-चेक (पुंगळीतली पावडर तपासणारं साधन) असेल तर दुहेरी चार्ज (एकाच पुंगळीत पावडरची मात्रा दोनदा) पडूच शकत नाही, तेव्हा लेख उगाच घाबरवतो, आणि रायफलची काडतुसं जास्त दाबाची, ती तरी सिंगल स्टेजवरच (एका वेळी एकच काम करणाऱ्या प्रेसवर) भरा असं स्पष्ट सांगायला हवं होतं. शिवाय अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर असलेल्या मित्रासोबत भागीदारीत प्रेस घेण्याचा विचार तुम्ही कळवलाय. तो मुद्दा शेवटी घेतो, पण तो सर्वांत गंभीर आहे.

आधी वेगाचं. सिंगल स्टेजवर पिस्तुलाची शंभर काडतुसं करायची तर साइझिंग (पुंगळी मूळ मापावर आणणं), तोंड फुलवणं, गोळी बसवणं आणि क्रिंप (तोंड गोळीवर आवळणं) मिळून चारशे वेळा हँडल ओढावं लागतं. प्राइमर (पुंगळीच्या बुडातली, ठिणगी देणारी टोपी) आणि पावडर वेगळीच. चार स्टेशनच्या प्रोग्रेसिव्हवर तेच काम १०३ ओढींत होतं. प्राइमरची नळी शंभराचीच असते, म्हणजे ती भरायला तसंही थांबावं लागतं. त्याच थांब्यात एक चार्ज काट्यावर टाकून बघायला मिनिटही लागत नाही. वाचलेल्या तीनशे ओढींपुढे हे मिनिट जड वाटायचं कारण नाही.

आता दुहेरी चार्ज. तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. लय लागलेली असताना प्लेट आपोआप फिरणारा प्रेस दुहेरी चार्ज पडू देत नाही. पण लय लागलेली असताना हाताने फिरवायचा प्रेससुद्धा सहसा पडू देत नाही. डिलन ५५० या हाताने फिरवायच्या प्रेसवर प्लेट फिरवायची राहिली, तर उजवा हात नवी पुंगळी घेऊन जातो तिथे आधीचीच पुंगळी असते आणि डावा हात गोळी ठेवायला जातो तिथे गोळी बसलेली असते. दोन्ही हात तुम्हाला थांबवतात.

घोळ होतो तो अडल्यावर. प्राइमर बसताना हँडल अडकतं, किंवा पुंगळी तिरकी होऊन डायच्या (पुंगळीला आकार देणाऱ्या साच्याच्या) कडेला लागते. माणूस हँडल अर्ध्यातून मागे घेतो, तिरकी पुंगळी काढतो, प्लेट हाताने एक घर मागेपुढे करतो आणि पुन्हा ओढतो. दरम्यान पावडर स्टेशनखालच्या पुंगळीचं काय झालं? ती पूर्ण वर गेली असेल तर पावडर पडलेली आहे आणि आता पुन्हा पडेल. अर्धीच वर गेली असेल तर पावडर बार (मात्रा मोजून सोडणारी पट्टी) अर्धा सरकून थोडीच पडली असेल, किंवा काहीच पडली नसेल, आणि तीच पुंगळी पुढे जाऊन तिच्यावर गोळी बसेल. पहिल्या प्रकारात बंदूक फुटू शकते. दुसऱ्यात गोळी नळीतच अडकते, आणि मागून दुसरी गोळी सुटली की नळी फुगते किंवा फाटते. प्लेट कशी फिरते यावर हे अवलंबून नाही. उलट आपोआप फिरणाऱ्या प्रेसवर अडल्यावर प्लेट नेमकी कुठल्या घरात आहे हे ओळखणं जास्त कठीण जातं.

म्हणून माझा आग्रह एकाच नियमावर आहे : काहीही अडलं, फोन वाजला, कोणी हाक मारली, तर शेलप्लेट रिकामी करायची. पावडर स्टेशनवरच्या आणि त्यापुढच्या गोळी न बसलेल्या पुंगळ्या काढून त्यांतली पावडर हॉपरमध्ये (प्रेसवरच्या पावडरच्या भांड्यात) परत ओता. टेबलावर एका वेळी एकाच पावडरचा डबा ठेवायचा तो यासाठीही. प्राइमर बसलेली रिकामी पुंगळी पुन्हा पहिल्या स्टेशनवर ठेवू नका, तिथली पिन जिवंत प्राइमर खाली ढकलून बाहेर काढेल. ती थेट पावडर स्टेशनवर ठेवा. गोळी बसलेली पण शंका असलेली काडतुसं वेगळ्या डब्यात टाका आणि नंतर बुलेट पुलरने (गोळी ओढून काढणाऱ्या हत्याराने) उघडा. वजन करून त्यांतली चुकीची शोधू म्हणाल तर ते साधत नाही. नऊ मिलिमीटरमध्ये पूर्ण चार्जच चार-पाच ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे वजनाचं बारीक एकक) घरात असतो, आणि मिसळलेल्या ब्रँडच्या पुंगळ्यांच्या वजनातला फरक तेवढा सहज भरतो.

पावडर-चेकबद्दल. ते बसवाच, पण त्याला काय कळतं हे माहीत असू द्या. डिलनचा बझर किंवा आरसीबीएसचा लॉक-आउट डाय रिकामी किंवा दुप्पट भरलेली पुंगळी पकडतो. ग्रेनच्या दशांशातला सरकाव त्याच्या आवाक्यात येत नाही, तो काट्यालाच कळतो. त्यातही दहा चार्ज एकत्र तोलून दहाने भागू नका. सरासरीत एक जास्त आणि एक कमी एकमेकांना झाकून टाकतात. हॉपर नव्याने भरला की पावडर दबून बसेपर्यंत पहिले आठ-दहा चार्ज परत ओता आणि मगच तोला. पाच स्टेशनच्या प्रेसवर आणखी एक मोह असतो : बुलेट फीडरला (गोळ्या आपोआप ठेवणाऱ्या जोडणीला) जागा हवी म्हणून पावडर-चेक काढायचा. तसं करू नका. गोळी हाताने ठेवा. त्या निमित्ताने नजर पुंगळीत जाते, आणि प्रेसवर लावलेल्या छोट्या एलईडी दिव्याखाली पावडरची पातळी स्पष्ट दिसते.

ही नजर पिस्तुलाच्या काडतुसांत फार महत्त्वाची. .३८ स्पेशलची पुंगळी काळ्या दारूच्या जमान्यातली, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. आजची टाइटग्रुपसारखी दाट, वेगाने जळणारी पावडर तिच्या तळाशी जेमतेम दिसते. दुप्पट काय, तिप्पट पडली तरी वर जागा उरते. या काडतुसाची सामीची (अमेरिकेतल्या काडतूस-उत्पादकांच्या मानक संस्थेची) दाबमर्यादा १७,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आहे. नऊ मिलिमीटरची ३५,००० आणि .२२३ रेमिंग्टनची ५५,०००. आकडे बघून रायफल जास्त धोक्याची वाटते हे मी समजू शकतो, पण .२२३ च्या नेहमीच्या चार्जने पुंगळी जवळजवळ खांद्यापर्यंत (मानेकडे निमुळती होते तिथपर्यंत) भरते. दुसरा चार्ज पडला तर पावडर प्लेटवर सांडते. दुहेरी चार्जपुरतं बोलायचं तर कमी दाबाचं .३८ च जास्त फसवं आहे.

रायफल प्रोग्रेसिव्हवर भरता येते, फक्त एका फेरीत नाही. बाटलीच्या आकाराच्या पुंगळीला लूब (वंगण) लावल्याशिवाय साइझिंग डायमध्ये घालूच नये, नाहीतर ती आत अडकते आणि रिम (बुडाची कड) फाटून येते. पिस्तुलाच्या, लूब न लागणाऱ्या कार्बाइड डायची सवय झालेला माणूस इथे हमखास चुकतो. लॅनोलिन आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फवारा पुरतो, पण पुंगळ्यांच्या तोंडात थोडा जाईल असा मारा आणि अल्कोहोल उडून जाऊ द्या. पहिल्या फेरीत प्राइमर काढणं आणि साइझिंग. सेमी-ऑटोमॅटिकसाठी खांदा ०.०८ ते ०.१० मिमी मागे, केस गेजमध्ये (पुंगळीचं माप तपासायच्या साच्यात) तपासून. मग लांबी : .२२३ ची कमाल ४४.७० मिमी, ट्रिम करून ४४.४५. लष्करी पुंगळी असेल तर प्राइमरच्या खड्ड्याभोवतीचा क्रिंप स्वेजरने काढायचा. त्यानंतर टंबलरमध्ये (पुंगळ्या मक्याच्या भुशात घोळवून साफ करणाऱ्या यंत्रात) लूब काढून टाकायचं. दुसऱ्या फेरीत पहिल्या स्टेशनवर साइझिंग डायऐवजी युनिव्हर्सल डिकॅपिंग डाय (फक्त पिन असलेला) ठेवा, म्हणजे फ्लॅश होलमध्ये (प्राइमरची ठिणगी आत जाते त्या भोकात) अडकलेला मक्याच्या भुशाचा कण पिन बाहेर काढेल. पावडर शक्यतो एच३३५ सारखी गोलसर दाण्यांची घ्या. काडीच्या आकाराची पावडर .२२३ च्या अरुंद तोंडाशी अडून राहते : एका पुंगळीत कमी पडते आणि साठलेली सगळी पुढचीत उतरते. लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी एकेक चार्ज तोलून भरायचा असेल, तर तुमचं म्हणणं मान्य, सिंगल स्टेजच घ्या.

मूळ लेखात प्राइमरबद्दल त्रोटक लिहिलं होतं, ते इथे पुरं करतो. प्राइमर पुंगळीच्या बुडापेक्षा ०.०८ ते ०.१३ मिमी आत हवा. प्रत्येक काडतुसाच्या बुडावरून बोट फिरवा, वर आलेला प्राइमर लगेच लागतो. .४५ एसीपीच्या पुंगळ्या मोठ्या आणि छोट्या अशा दोन्ही प्राइमरच्या मिळतात. मिसळलेल्या ढिगातून छोट्या खड्ड्याची एक आली आणि तुम्ही हँडलला जोर दिला, तर मोठा प्राइमर चिरडून उडू शकतो आणि नळीतले बाकीचेही त्याला साथ देऊ शकतात. नळीभोवतीचं पोलादी आवरण त्यासाठीच असतं. ते काढू नका, गॉगल घाला, आणि नेहमीपेक्षा जास्त जोर लागतोय असं हाताला जाणवलं की थांबा. नऊ मिलिमीटर आणि .४५ ही काडतुसं चेंबरमध्ये (बंदुकीत काडतूस बसतं त्या जागी) पुंगळीच्या तोंडावर टेकतात, म्हणून त्यांना टेपर क्रिंपच (हलका, निमुळता) द्यायचा आणि तोही फुलवलेलं तोंड सरळ होण्यापुरता. नऊ मिलिमीटरला तोंडापाशी ९.६० ते ९.६५ मिमी. जास्त दाबलात तर गोळी उलट सैल होते आणि फीड होताना आत सरकते, दाब एकदम वाढतो. तयार काडतुसाचं टोक टेबलावर अंगठ्याने दाबून लांबी पुन्हा मोजा. ती बदलता कामा नये.

आता तुमच्या मित्राबद्दल. अमेरिकेच्या संघीय कायद्यात नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा ॲम्युनिशन बाळगायला मनाई आहे, आणि कायद्याच्या व्याख्येत ॲम्युनिशन म्हणजे तयार काडतूसच नव्हे : पुंगळी, प्राइमर, गोळी, पावडर हे सगळं त्यात येतं. त्यामुळे एच-वन-बी, एल-वन किंवा एफ-वनवरच्या माणसाने तुमच्या गॅरेजमध्ये प्राइमरची डबी सांभाळणंही त्याला अडचणीत आणू शकतं. काही अपवाद आहेत, त्यांतला नेहमीचा म्हणजे कुठल्याही राज्याचा वैध शिकारी परवाना. ग्रीन कार्डधारकाला ही मनाई नाही. स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला संघीय परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. म्हणून दोघांनी मिळून भरून तिसऱ्याला विकण्याची कल्पना असेल तर ती सोडा. भारतात शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे. सुट्टीत घरी जाताना बॅगेच्या कोपऱ्यात एखादी पुंगळी राहिली नाही ना, हेही बघा. मित्राकडे शिकारी परवाना नसेल तर प्रेस तुमच्या एकट्याच्या नावाने आणि पैशाने घ्या, आणि सामानाच्या कपाटाची किल्ली तुमच्याकडेच ठेवा.