पाणी गेलं, मग सूचना आली

सकाळी नळ कोरडा. दुपारी ग्रुपवर सूचना उगवते: ‘आज पाणीपुरवठा बंद राहील.’ राहील? अहो, बिनआंघोळीचे ऑफिसला पोचलो की आम्ही! ‘लवकरच पूर्ववत’ म्हणजे नेमकं कुठल्या जन्मात? आणि ‘अमुक नगर व परिसर’! हा परिसर संपतो कुठे? चावीवाल्याला ठाऊक असतं म्हणे, पण त्याला विचारतंय कोण! ३ लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या हव्यात, असं १९९३ पासून घटनेत आहे. असेल बापडं. आमच्या प्रभागाच्या बातम्या रिक्षावालाच देतो. नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फलक मात्र आठवडाभर आधी, चौकाचौकात! मग त्याच्याच कोपऱ्यात ‘मंगळवारी पाणी नाही’ एवढं छापायला काय होतं?