समीक्षकाचा पत्ता

पुण्यातल्या मित्रमंडळींचा सध्याचा लाडका विषय म्हणजे, मराठीत नव्या गाण्यांवर कुणी खरं लिहीत नाही. अल्बम आला की सगळीकडे कौतुकाचा सडा, ‘हे जमलेलं नाही’ म्हणायची कुणाची टाप नाही. आणि त्यामागोमाग हमखास येणारं वाक्य : ‘तुमच्याकडे अमेरिकेत बघ, कसे धुतात एकेकाला!’

धुतात, हे खरं. ‘पिचफोर्क’ ही संगीत परीक्षणांची वेबसाइट बरीच वर्षं माझ्या शिकागोतूनच चालली. शून्य ते दहा, तेही दशांशासकट गुण. २००६ मध्ये ‘जेट’ या ऑस्ट्रेलियन बँडच्या अल्बमला त्यांनी ०.० दिले आणि परीक्षण म्हणून एका चिंपांझीचा व्हिडिओ चिकटवला. तो चिंपांझी त्यात काय करतो ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. पुण्याच्या मित्रांना निर्भीड म्हणजे असंच काहीतरी हवं असतं. मला तो निव्वळ वाह्यातपणा वाटतो. गाणी बसवून, रेकॉर्ड करून कुणी पुढ्यात ठेवली, तर त्यातलं काय फसलं आणि कशामुळे, एवढं तरी सांगायला नको? शिकागोच्याच लिझ फेअरच्या २००३ मधल्या अल्बमलाही ‘पिचफोर्क’ने ०.० दिले होते. २०२१ मध्ये त्यांनी स्वतःच जुने गुण पुन्हा तपासले, तेव्हा त्याच अल्बमला ६.० मिळाले. बोर्डाच्या फेरतपासणीतसुद्धा एवढे वाढत नाहीत.

तेव्हा ‘धुण्या’चं कौतुक मला सांगू नका. इथल्या समीक्षेतलं मला हेवा वाटावं असं काही असेल, तर ते जिम डीरोगॅटिस या संगीत समीक्षकाच्या गोष्टीत आहे, आणि ती भारतात फार कुणाला माहीत नसते.

१९९६ मध्ये डीरोगॅटिस ‘रोलिंग स्टोन’ या संगीत मासिकात नोकरीला होते. ‘हूटी अँड द ब्लोफिश’ या बँडचा पहिला अल्बम तेव्हा तुफान खपलेला होता. दुसरा आला, तो यांना आवडला नाही, यांनी तसं लिहिलं. मासिकाचे मालक-संपादक यान वेनर यांनी ते परीक्षण काढून टाकलं आणि त्या जागी गोडगोड परीक्षण छापलं. एका वार्ताहराने डीरोगॅटिसना विचारलं, वेनर या बँडचे चाहते आहेत का? उत्तराचा आशय असा, की ८५ लाख प्रती खपवणाऱ्या कुठल्याही बँडचे ते चाहते आहेत. त्यानंतर लगेचच नोकरी गेली. म्हणजे मालकाची मर्जी, खपाचा दबाव, परीक्षण बदलून घेणं, यातलं काहीही एकट्या मराठीचं वैशिष्ट्य नाही.

पुढे ते ‘शिकागो सन-टाइम्स’ या दैनिकात पॉप संगीताचे समीक्षक झाले. २००० च्या नोव्हेंबरात आर. केली या शिकागोच्याच लोकप्रिय गायकाचा नवा अल्बम आला. डीरोगॅटिसनी त्याचं परीक्षण लिहिलं, नेहमीसारखंच. ते छापून आल्यावर त्यांच्या नावे कचेरीत एक निनावी फॅक्स आला : केलीची खरी भानगड अल्पवयीन मुलींची आहे. त्यांनी तो कचऱ्यात टाकला नाही. कोर्टातली कागदपत्रं काढली, सहकाऱ्याला बरोबर घेतलं आणि डिसेंबरात बातमी दिली. त्यानंतर वीसेक वर्षं हा माणूस त्या प्रकरणाच्या मागे होता. २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने केलीला दोषी ठरवलं आणि २०२२ मध्ये ३० वर्षांची शिक्षा सुनावली.

यातली फॅक्सची जागा मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तो पाठवणाऱ्याला ठाऊक होतं की अमुक दैनिकात, अमुक टेबलावर, अल्बमबद्दल लिहिणारा एक पगारी माणूस बसतो. त्याला नाव आहे, नंबर आहे, पाठीशी संपादक आहे. आपल्याकडे नव्या अल्बमवर जे चार-दोन लोक मन लावून लिहितात, ते बँकेतून किंवा कॉलेजातून घरी आल्यावर लिहितात. त्यांच्याकडे निर्भीडपणा मागणं सोपं आहे. त्यांच्या मानधनाची चौकशी मात्र माझ्या एकाही मित्राने कधी केलेली नाही.

पण इथली ती टेबलंही आता उठायला लागली आहेत, आणि पुण्यात हे कुणी ऐकून घ्यायला तयार नसतं. जानेवारी २०२४ मध्ये ‘पिचफोर्क’च्या मालक कंपनीने वेबसाइट ‘जीक्यू’ या पुरुषांच्या फॅशनच्या मासिकाखाली घातली आणि कितीतरी जणांना घरी पाठवलं. युनियन पार्कमध्ये दर जुलैत भरणारा त्यांचा संगीत महोत्सवही त्याच वर्षी शेवटचा झाला. त्याच एप्रिलमध्ये टेलर स्विफ्टचा नवा अल्बम आला, दोन्ही भाग धरून ३१ गाणी. ‘पेस्ट’ या इथल्या संगीतविषयक नियतकालिकाने त्याचं कडक परीक्षण केलं, पण लिहिणाऱ्याचं नाव न देता. कारणही त्यांनी सांगितलं : २०१९ मध्ये तिच्याच एका अल्बमवर लिहिणाऱ्याला वाचकांकडून मारहाणीच्या धमक्या आल्या होत्या.

आपल्याकडेही नाव न लावता लिहिलं जायचं. केशवराव भोळे ‘एकलव्य’ या टोपणनावाने त्यांच्या काळच्या गायकांवर लिहीत. ते स्वतः गाणारे आणि चाली बांधणारे, म्हणजे त्याच वर्तुळातले. आणि आपल्याकडची खरी मेख त्या वर्तुळातच आहे. इथे अमेरिकेतल्या समीक्षकाला कधी तोंडही न पाहिलेल्या लाखो चाहत्यांचा धाक असतो. पुण्यातल्याला धाक असतो तो येत्या रविवारी लग्नात समोर येणाऱ्या माणसाचा. गायक ओळखीचा, संगीतकार शाळासोबती, तबलजी बहिणीच्या सोसायटीत. शिवाय अल्बमचं प्रकाशन झालं त्या व्यासपीठावर परीक्षण लिहिणाराच शाल-श्रीफळ घेऊन ‘दोन शब्द’ बोलून आलेला. तो बिचारा चार दिवसांनी काय लिहिणार?

बरं, कान नाहीत असंही नाही. रमणबागेत सवाईच्या दिवसांत चहाच्या स्टॉलशी उभं राहून जे कानावर पडायचं, ते ‘पिचफोर्क’च्या बापाला लिहिता यायचं नाही. ‘आज षड्जच लागला नाही.’ ‘बंदिश चांगली होती, पण ती वडिलांच्या तोंडून ऐकली होती ना, तिथेच घोळ झाला.’ एका वाक्यात निकाल, तोही कारणासहित. दुसऱ्या दिवशी पेपर उघडावा तर रसिक आपले मंत्रमुग्ध! रात्रीत काय झालं कोण जाणे.

परदेशात आल्याने हा रोग सुटतो असं समजू नका. आमच्या भागातल्या एका मंडळाच्या अंकासाठी भारतातून आलेल्या भावगीतांच्या कार्यक्रमावर लिहायला मला सांगितलं होतं. दुसऱ्या भागातली चार गाणी फार सुरेख झाली, ती का, हे मी सविस्तर लिहिलं. त्यात एक वाक्य होतं : ‘मध्यंतरापर्यंत की-बोर्ड इतका चढा होता की शब्द ऐकू येत नव्हते.’ छापून आलं तेव्हा ते वाक्य गायब आणि शेवटी ‘अविस्मरणीय सायंकाळ’ चिकटवलेली. विचारलं तर म्हणाले, अहो, पुढच्या वर्षी पुन्हा बोलवायचंय त्यांना.

तर परवा मित्रांनी नवी टूम काढली. आमच्याच एकाच्या भाच्याचा सहा गाण्यांचा अल्बम ऑनलाइन आलाय. म्हणे तू लिही, तू लांब आहेस, तुला कुणाची भीड नाही. लांब कसला! दर डिसेंबरात त्या भाच्याच्या आजीच्या हातचं जेवतो मी. गाणी मात्र मी ऐकली आहेत. पोराचा आवाज गोड आहे. दुसऱ्या गाण्यात अंतऱ्यावरून ध्रुवपदाकडे येताना त्याने एक छोटी मींड घेतली आहे, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत गेलाय, आणि सूर दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरने तिचे सरळ दोन तुकडे करून ठेवलेत. ते काढून पुन्हा मिक्स केलं तर गाणं दुप्पट चांगलं होईल. हे कुणीतरी त्याला सांगायला हवं, आणि चार लोक वाचतील अशा जागी सांगायला हवं, म्हणजे पुढचा पोरगाही सावध होईल.

ती जागा कुठली, यावर मित्रांनी वाद घालावा. एखाद्या मराठी दैनिकाच्या रविवार पुरवणीत महिन्यातून एक स्तंभ, नव्या अल्बमांवर, नावानिशी. लिहिणारा दोन वर्षं तोच. मानधन असं की प्रकाशन समारंभाचं आमंत्रण त्याला बिनदिक्कत परत पाठवता यावं. पहिल्या सहा महिन्यांत दोन-तीन मैत्र्या तुटतील, एखादा निर्माता जाहिरात काढून घेईल, संपादकाला फोन येतील. ते फोन संपादकाने स्वतः घ्यायचे आणि लेखकापर्यंत पोचू द्यायचे नाहीत.